कोकिळेचं पिल्लू, कावळ्याचं घर आणि आमची बडोद्याची पोरं

मांडवीकर
आमच्या सोसायटीच्या कंपाउंडातल्या कडुनिंबावर सध्या एक कावळीण एका पिल्लाला भरवतेय. पिल्लू तिचं नाही, हे आमच्या वॉचमनलाही कळलंय. शेपूट लांब, अंगावर पांढुरके ठिपके. सरळ सरळ कोकिळेचं.

आता गंमत बघा. हे कावळ्याच्या घरात जन्मलं, कावळ्याचंच खाऊन वाढलं, कानावर दिवसभर काव काव. तरी मोठं झालं की ऐन उन्हाळ्यात 'कुहू'च करणार. शिकवलं कोणी?

उलट आमचे चिरंजीव. घरात मराठी, आजी मराठी, शुभंकरोती मराठी. तोंड उघडलं की "आई, पाणी आप ने!" (गुजरातीत 'आप ने' म्हणजे 'दे ना'.)

तर माझं म्हणणं असं की जनावराचं सगळं उपजत आणि माणसाचं सगळं शिकलेलं. शेजारचे काका म्हणतात, "छे हो, माणसाचंही सगळं रक्तातच असतं, खाण तशी माती." तुम्हाला काय वाटतं?

दांडियाबाजार_नाका
मी पयला! वाचून सावकाश लिहितो.

खारीशेंग
ते राहू द्या. पाणी शेवटी 'आपलं' की नाही?

वसुधा_लेले
(शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून प्रतिसाद लांबणार. आधीच माफी.)

मांडवीकर, कोकिळेबाबत तुमचं बरोबर आहे. तिचं गाणं उपजतच. पण त्यावरून 'जनावराचं सगळं' म्हणाल तर घसराल. पक्ष्यांमध्ये ऐकून आवाज शिकणारे तीनच गट आहेत: पोपट, हमिंगबर्ड आणि ज्यांना गायक पक्षी म्हणतात ते. आणि त्या गायक पक्ष्यांच्या गटात कावळा येतो, कोकीळ येत नाही! म्हणजे तुमच्या कडुनिंबावर जी भरवतेय ती शिकणाऱ्यांच्या घराण्यातली, आणि जे 'कुहू' करणार ते न शिकणाऱ्यांच्या. देवाने विनोद केलाय झालं.

खऱ्या शिकणाऱ्यांचं काय होतं ते थॉर्प नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवलं. चॅफिंच नावाच्या छोट्या पक्ष्याची पिल्लं त्याने मोठ्यांचं गाणं कानावर पडू न देता वाढवली. मोठी होऊन ती गायली, पण ओबडधोबड. लांबी साधारण जमली, तपशील गायब. पुढे पीटर मार्लरने कॅलिफोर्नियातल्या चिमण्यांच्या एका जातीवर काम केलं. त्यांच्यात गावोगावच्या बोली असतात, आणि पिल्लू जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जी ऐकेल ती उचलतं. पण स्वतःच्या जातीचं आणि परजातीचं अशी दोन्ही गाणी ऐकवली तर आपल्या जातीचंच उचलतं.

आता हे कुठल्या खात्यात घालाल? गाणं शिकलेलं. पण कोणाचं ऐकायचं आणि कधी ऐकायचं, हे आतून आलेलं.

ठोकळा
+१. ताई, परीक्षेत येणार का हे?

आप्पा_रावपुरा
आमच्या खिडकीच्या चौकटीत दर वर्षी कुंभारीण माशी घर करते. या वर्षी बसून नीट पाहिलं. रिकामटेकड्याला दुसरं काम काय. ती वाटाण्याएवढा ओल्या मातीचा गोळा आणते, पुढच्या पायांनी आणि जबड्याने पट्टी लांबवत लांबवत गोल फिरते, आणि शेवटी मडक्याला काठ वळवते. काठ कशाला? कुंभारवाड्यात तरी गेली होती का? मग आत छतापासून बारीक धाग्याने अंडं टांगते, डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते, तोंड लिंपते आणि निघून जाते. पोराचं तोंडही बघत नाही. पोर बाहेर येतं ते आईला न भेटता तस्संच मडकं घडवतं.

आपल्याकडे यावरून कीटकभृंगन्याय सांगतात. भृंगी अळीला पकडून आणते, अळी भीतीने तिचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता स्वतःच भृंगी होते. कीर्तनात लहानपणापासून ऐकलंय. दृष्टांत म्हणून सुरेखच, पण प्रत्यक्षात अळी बिचारी जेवणाचं ताट असते आणि भृंगी आधीपासून अंड्यात. आपल्या पूर्वजांनी उपजत गोष्टीला शिकण्याचं गोंडस रूप दिलं. आता आपले लोक उलटं करतात. शिकलेल्याला 'रक्तातलं' म्हणतात.

वसुधा_लेले
आप्पा, शेवटचं वाक्य फार आवडलं. तुमची कुंभारीण शुद्ध उपजतांच्या पंगतीत पहिल्या पाटावर. पण म्हणून सगळे कीटक तिच्याच पंगतीत बसवू नका. मधमाशीचा नाच (फुलं किती लांब, कुठल्या दिशेला, हे पोळ्यात नाचून सांगणं) इतकी वर्षं उपजत म्हणून शिकवला. मी स्वतः शिकवलाय. २०२३मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग आला. नुसत्या तरुण माश्यांची पोळी केली, अनुभवी नाचणारी एकही ठेवली नाही. त्या नाचल्या, पण गडबडीत. वय वाढलं तशी दिशा सुधारली, अंतराचा हिशोब मात्र जन्मभर चुकलेलाच राहिला.

दांडियाबाजार_नाका
वाचलं. मांजराचं काय ते सांगा. आमच्या गल्लीतल्या मांजरीला उंदीर मारायला कुणी शिकवलं? ते तरी रक्तातच ना?

वसुधा_लेले
नेमकं तेच एका चिनी शास्त्रज्ञाने तपासलं. कुओ त्यांचं नाव, साल १९३०. पिल्लांचे तीन गट. उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ जणांनी उंदीर मारला. एकेकटी वाढलेली २०, त्यातल्या ९ जणांनी. आणि लहानपणापासून उंदराबरोबर एकाच पिंजऱ्यात वाढलेली १८, त्यातल्या फक्त ३ जणांनी.

एकट्या नऊंकडे बघून तुम्ही म्हणाल उपजत. शेवटच्या गटाकडे बघून मी म्हणेन संगत. दोघांच्याही हातात आकडे.

खारीशेंग
म्हणजे उंदराशेजारी बांधलं मांजर, वाण नाही पण गुण लागला.

दांडियाबाजार_नाका
पटलं नाही. एकटी वाढलेली नऊ तरी कुठून शिकली? मुळात काहीतरी असल्याशिवाय का? बाकीच्यांचा मूड नसेल. मांजर आहे ते, त्याला वाटलं तर मारेल. 😀

मगरमित्र
वन्यजीव बचावाच्या टीमबरोबर जातो, म्हणून थोडं आमच्या विश्वामित्री नदीचं. २०२४ ऑगस्टच्या पुरात मगरी रस्त्यावर, अंगणात, कुठेकुठे आल्या ते अख्ख्या देशाने व्हिडिओत पाहिलं. पण आम्हाला दर वर्षी जी भेटतात ती पावसाच्या तोंडावर पिल्लं. जेमतेम फूटभर लांब, अंड्यातून नुकतं निघालेलं, अजून बेंबीची खूण ओली. मानेमागे धरलं की जबडा वासून हाताकडे वळतं आणि आखूड, घशातल्या आवाजात ओरडतं. याला चावायला आणि ओरडायला कोणी शिकवलेलं नसतं. ओरडणं तर अंड्यात असतानाच सुरू होतं. तो आवाज ऐकून आई वाळू उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्याकडे नेते. ज्या जबड्याने म्हशीचा पाय धरते त्याच जबड्यात. एक ओरखडा नाही.

पण म्हणून मगर मठ्ठ समजू नका. नदीकाठी जिथे लोक कोंबड्यांची घाण टाकतात, तिथे मगरी येऊन थांबतात. ते अंड्यातून घेऊन आलेल्या नसतात. ते त्यांना आपण शिकवलंय. मग त्याच कॉलनीतून फोन येतो, "साहेब, मगर फार माजलीय."

मीनल_अलकापुरी
बाई गं, मगरीवरून आठवलं. मला पालीची भयंकर भीती. आईला होती, आजीला होती. आता माझी चार वर्षांची लेकही पाल दिसली की सोफ्यावर. हे आमच्याकडे वंशपरंपरागतच आहे. यांना मात्र काही वाटत नाही, चपलेने हाकलतात.

ठोकळा
वहिनी, आधी सोफ्यावर कोण चढतं?

मीनल_अलकापुरी
मी. 🙄

वसुधा_लेले
मीनल, तुझ्या सोफ्याचा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत सुझन मिनेका आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात केला. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडं सापाला भीत नव्हती. रानात वाढलेलं माकड सापाला बघून किंचाळताना त्यांना दाखवलं आणि तीही भिऊ लागली. पटकन, थोड्याच वेळात. मग व्हिडिओत करामत केली. तेच घाबरलेलं माकड, पण समोर सापाऐवजी फुलं. तो व्हिडिओ पाहून फुलांना कोणी भिलं नाही.

म्हणजे भीती जन्मतः नव्हती, पण सापाची भीती शिकायला मन आधीच अर्धं तयार होतं. फुलाची शिकायला नव्हतं. तुझ्या लेकीने पाल तुझ्याकडून उचलली. नवऱ्याला पुढे कर आणि तू स्वयंपाकघरात जा.

मीनल_अलकापुरी
स्वयंपाकघरात तर पाली जास्त असतात ताई.

बरोडा_बॉय_७१
अर्धं तयार मन वगैरे वाचून माझी कहाणी सांगतोच. तरुणपणी एका गाडीवर सेव-उसळ खाल्ली, तिखट तर्री, वर मूठभर सेव, पाव. रात्री उलट्या. नंतर कळलं की घरात सगळ्यांनाच तापाची साथ होती आणि त्यांनी उसळीचा दाणाही खाल्ला नव्हता. म्हणजे उसळ निर्दोष. बुद्धीला हे शंभर टक्के पटलंय. पण आज इतक्या वर्षांनीही तर्रीचा वास आला की पोट वर येतं. बडोद्यात राहून सेव-उसळ नाही म्हणजे काय जिणं आहे सांगा! त्या रात्री मी रेडिओही ऐकत होतो. रेडिओचा मात्र तिटकारा आला नाही.

वसुधा_लेले
रेडिओचं लिहिलंत ते फार मोलाचं! गार्सिया आणि कोलिंग, १९६६. उंदरांना पाणी पिताना चव, उजेड आणि आवाज एकदमच दिला. ज्यांना नंतर मळमळेल असं केलं त्यांनी चव टाळली, उजेड-आवाज नाही. ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी उजेड-आवाज टाळला, चव नाही. पोट बिघडलं तर दोष खाण्याचा, हे उंदराच्या आणि तुमच्या आत आधीच लिहून ठेवलंय. कुठलं खाणं, एवढी जागा रिकामी सोडलीय. तिथे तुमची उसळ बसली.

ठोकळा
गाडी कुठली होती?

सयाजी_भक्त
धागा वाचतोय आणि बडोद्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण कोणी दिलं नाही याचं नवल वाटतं. 'रक्तातच असतं' म्हणणाऱ्या काकांना विचारा, कवळाणे कुठे आहे? नाशिक जिल्ह्यात. तिथल्या शेतकरी गायकवाड घरातला बारा वर्षांचा गोपाळराव, म्हणजे पुढचे सयाजीराव महाराज, १८७५मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. तोवर शाळेशी फारसा संबंध नव्हता. इथे मास्तर लावले, इलियट साहेबांच्या हाताखाली शिकला. पुढे १९०६मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. राज्य करणं रक्तात होतं म्हणाल, तर ज्या मल्हाररावांना पायउतार केलं तेही गायकवाडच होते.

इंदूरी_पोहा
इंदूरहून रामराम. तुमची पोरं 'आप ने' म्हणतात याचं दुःख करता? आमच्याकडे या. आमच्या पोरांना ळ म्हणता येत नाही. 'बाल, केलं खा.' हे आजोबांचं वाक्य नाही, माझ्या पोराने आपल्या धाकट्या भावाला म्हटलेलं आहे. बाळ आणि केळं, दोन्ही गेली. तुम्हा बडोदेकरांचं नशीब, गुजरातीत ळ आहे.

खारीशेंग
@इंदूरी_पोहा, तुमच्याकडे शिळ्या पोळीचं काय होत असेल या विचाराने झोप उडाली.

वसुधा_लेले
पोहेवाले, यात मुलाचा दोष नाही आणि आजोबांचाही नाही. जॅनेट वर्कर नावाच्या कॅनडातल्या बाईंनी १९८४मध्ये इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक बरोब्बर कळत होता. वर्षाची होईपर्यंत तोच फरक कळेनासा झाला. मोठ्या इंग्रजांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे पोर जन्मतः जगातल्या कित्येक भाषांना कान उघडे ठेवून येतं, आणि भोवती जे ऐकू येत नाही ते बंद करत जातं. शिकणं म्हणजे भर घालणंच असतं असं नाही, काही वेळा दारं लावणंही असतं.

आप्पा_रावपुरा
जन्मतः म्हणता, पण अभिमन्यूचं काय? पोटात ऐकलंच ना त्याने?

वसुधा_लेले
आप्पा, चक्रव्यूह नाही, पण ऐकतात खरं. १९८०मध्ये दाखवलंय की नुकतं जन्मलेलं बाळ परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतं. आणि २००९चं एक काम आहे, फ्रेंच आणि जर्मन बाळं जन्मल्या जन्मल्या रडतात तीही आपापल्या भाषेच्या चालीवर.

पण मला सगळ्यात आवडतो तो बदकाचा प्रयोग. गिल्बर्ट गॉटलिब. बदकाचं पिल्लू अंड्यातून निघताच आपल्या जातीच्या आईच्या हाकेकडे धावतं. कोणीही म्हणेल उपजत. त्याने अंड्यातच पिल्लांचे आवाज बंद केले आणि त्यांना वेगवेगळं ठेवलं, म्हणजे स्वतःचा नाही आणि भावंडांचाही नाही. बाहेर आल्यावर ती कोंबडीच्या हाकेला आणि आपल्या आईच्या हाकेला सारखीच भुलली. अंड्यातलं ते बारीकसं स्वतःचं ओरडणं ऐकणं हीच त्याची शाळा होती. आता याला उपजत म्हणायचं की शिकलेलं? मला वाटतं प्रश्नच मोडतो.

दांडियाबाजार_नाका
प्रश्न मोडला तर धागा बंद करायचा का? 😀 सरळ सांगा ना, पन्नास टक्के हे, पन्नास टक्के ते.

वसुधा_लेले
नाही हो! तीच चूक सगळे करतात. पोळीत किती टक्के कणीक आणि किती टक्के तवा, असं विचारतं का कोणी?

पाणथळ_प्रेमी
थोडं अवांतर. थंडीत डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जे राखाडी हंस येतात (गायकवाडी काळातला सिंचनाचा तलाव, २०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), त्याच जातीच्या पिल्लांवर कॉनराड लॉरेन्झ या प्राण्यांचं वागणं अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञाने काम केलं. अंड्यातून निघाल्यावर पहिला हलताना दिसेल तो आई. लॉरेन्झ दिसला, लॉरेन्झच्या मागे रांग लागली. त्याला, टिनबर्गनला आणि मधमाशीच्या नाचाचा अर्थ लावणाऱ्या फ्रिशला १९७३मध्ये नोबेल मिळालं. इथेही तेच आहे. मागे लागणं उपजत, कोणाच्या मागे ते शिकलेलं. आणि स्थलांतराची वाटही काही पक्ष्यांना आतून कळते, तर क्रौंच-हंसांची पिल्लं थोरांबरोबर पहिली फेरी करून शिकतात. डिसेंबरमध्ये कोणी येणार असेल तर सांगा, पहाटे निघावं लागतं.

रमा_माहेर_सातारा
मूळ प्रश्न मांडवीकरांच्या मुलाचा होता, तो सगळे विसरले. माझी दोन्ही मुलं इथेच वाढली, आता मोठी आहेत. माझा अनुभव सांगते. मुलं आईबापांची भाषा समजतात, पण बोलतात ती खेळगड्यांची. थोरला गल्लीत क्रिकेट खेळायचा, गुजराती फर्डा. मराठीत विचारलं तरी उत्तर गुजरातीत. धाकटीला शेजारच्या एका मराठी घरातली मैत्रीण मिळाली, दिवसभर भातुकली. तिचं मराठी आजही चोख. दोघांची आई एकच, आजी एकच, शुभंकरोती तेच.

वसुधाताईंचं वाचून मला वाटतं, तुमच्या मुलात काही बिघडलेलं नाही. ज्यांच्यात राहायचंय त्यांच्यासारखं बोलायचं, हीच त्याच्या आतली ओढ असेल. कोकिळेला ती नसते, म्हणून तिला कावळ्यात राहूनही फरक पडत नाही.

वसुधा_लेले
रमाताई, याला पुरावा निकाराग्वात मिळाला. १९७७मध्ये मनाग्वात बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. तोवर ती मुलं आपापल्या घरी एकेकटी, घरच्यांशी कामचलाऊ खुणा करणारी. एकत्र आली आणि काही वर्षांत खाणाखुणांची स्वतःची भाषा उभी राहिली. मास्तरांनी शिकवली नाही. नंतर आलेल्या लहान मुलांनी ती मोठ्यांपेक्षा जास्त नेटकी केली. भाषा घडवायची भूक आतली, पण सोबतीशिवाय ती भागत नाही.

मांडवीकर
वा, भरपूर मिळालं. शेजारच्या काकांना कवळाण्याचं सांगितलं, ते म्हणाले "तो अपवाद." असो. रमाताई, तुमचं पटतंय, पण आमच्या सोसायटीत मराठी पोरच नाही. दोन गुजराती, एक सिंधी, एक तमिळ. उपाय?

रमा_माहेर_सातारा
सुट्टीत मामाकडे पाठवा. महिनाभर चुलत-मामे भावंडांत सोडायचं आणि आपण परत यायचं. आपण तिथे थांबलो की मुलं आपल्याशीच गुजराती बोलतात. गणपतीत मंडळाच्या नाटकात उभं करा. आणि रागावू नका. "मराठीत बोल!" म्हणून दरडावलं की ती भाषा शिक्षेची होते.

बरोडा_बॉय_७१
दरडावण्याबद्दल सहमत. तिटकारा बसला की जात नाही, माझ्याकडे बघा.

दांडियाबाजार_नाका
पण 'आप ने' मला तर गोड वाटतं. आमच्या घरी आजीच तसं बोलायची, जन्म मराठी वाड्यातला. बडोद्याचं मराठी असंच आहे, राहू द्या की.

आप्पा_रावपुरा
नाही पटलं. 'आप ने' राहू द्या, पण वाचायला मराठी यायलाच हवं. नाहीतर पुढच्या पिढीला वाड्यातली जुनी कागदपत्रं कोण वाचून दाखवणार? मोडीचं तर नावच नको.

ठोकळा
सगळं मान्य. पण सेव-उसळीच्या गाडीचं कोणी का सांगत नाहीये?

बरोडा_बॉय_७१
अहो, मी सांगितलं ना, उसळ निर्दोष होती! उगाच बदनामी नको.

ठोकळा
बदनामी कुठे, मला खायची आहे.

बरोडा_बॉय_७१
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तर्री जास्त मागा.